वीतभर वाट

जयवंतचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि तो गोठ्यात सुरू व्हायचा. गाव अजून गोधडीत असे. आणे गावच्या पठारावर त्या वेळी असा वारा सुटतो की कुत्रीसुद्धा चुलीच्या राखेत शिरून बसतात. जयवंत मात्र सदरा काढून, उघड्या अंगानं, गव्हाणीशेजारी रोवलेल्या दोन बाभळीच्या फळ्यांपुढं उभा राहायचा. फळ्यांच्या मध्ये फट होती. वीतभरही नव्हती. तो एक खांदा पुढं घालायचा, मान वळवायचा, छातीतला वारा पार सोडून द्यायचा आणि फटीतून पलीकडं निघायचा. पलीकडं म्हैस बांधलेली. रोज तोच तमाशा बघून ती विटली होती.

अंगाला फळी नुसती शिवली, तर सकाळी अर्धी भाकरी. खरवडलं, तर कोरा चहा. नियम त्यानंच घातलेला. त्यातून त्यानं स्वतःला कधी सूट दिली नाही.

चहा पिऊन तो मोटारसायकल काढी. आळेफाटा, नारायणगाव आणि पुढं मंचर. तिथं हमरस्त्याच्या मागच्या अंगाला एक खाजगी लॅब होती. माणसाच्या शरीरातून काढलेला मांसाचा तुकडा तिथं तपासायला यायचा. तुकडा मेणात बसवायचा, काड्यापेटीएवढी वडी करायची, त्या वडीची पापुद्र्यासारखी चकती काढून काचेवर बघायची. काम झालं तरी वडी टाकून देता येत नाही. वर्षानुवर्षं जपावी लागते. पुढंमागं मुंबईच्या डॉक्टरानं मागितली तर द्यावी लागते. माणूस मरून जातो, वडी राहते.

अशा वड्यांनी लॅबची एक आख्खी खोली भरली होती. लोखंडी मांडण्या, मांडण्यांच्या मध्ये माणसाला फिरायला वाट. लॅबच्या मालकीणबाई डॉक्टर साधना. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांना ती खोली सोनोग्राफीला हवी होती. वड्या थोड्या जागेत ठेवणारं मोठ्या कंपनीचं यंत्र मिळत होतं, पण त्याची किंमत ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला होता. मग कुणीतरी नारायणगावच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमधल्या फिटरचं नाव सांगितलं. तो फिटर म्हणजे जयवंत.

जयवंतनं खोली बघितली आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पुठ्ठ्यावर चित्र काढून नेलं. यात्रेत फिरता पाळणा असतो, तसाच, पण चपटा आणि उभा. दोन साखळ्या, साखळ्यांना टांगलेले ट्रे, ट्रेमध्ये वड्या. पाळणा कितीही फिरला तरी बसलेला माणूस सांडत नाही, तसा ट्रेही उलटा होत नाही. बाहेर आकड्यांची पट्टी. नंबर दाबला की मोटार फिरणार आणि हवा तो ट्रे तोंडाशी येऊन थांबणार. माणसानं मांडण्यांमधून फिरायचं कामच नाही. फिरायचं नाही म्हणजे वाट नको. वाट नको म्हणजे खोली रिकामी. सगळं कपाट जिन्याखालच्या कोपऱ्यात मावलं असतं.

मॅडम खूश झाल्या. मग त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"ही ट्रेमागची पोकळी कशासाठी?"

"साखळी उतरली, पिन निसटली, तर आत माणूस जायला पायजे मॅडम."

"माणसाला एवढी जागा लागते?"

"हातभर तरी लागंल."

"हातभर म्हणजे ट्रेची एक रांग गेली. तुम्ही माझी जागा वाचवायला आलात की खायला?"

लॅबमधला गोरख तिथंच उभा होता. वड्या लावणं, काढणं, पाठवणं हे त्याचं काम. दारातून जाताना दाराला विचारून जावं असा अंगानं. तो म्हणाला, "मला तर दीड हात लागंल, पावणं."

जयवंत घरी गेला, भिंतीला पाठ लावली, पुढं फळी धरून स्वतःला मोजलं. पुढच्या खेपेला त्यानं पोकळी निम्मी केली. मॅडमनी आणखी कमी करायला सांगितली. त्यानं केली. शेवटी वीत आणि दोन बोटं राहिली.

"एवढ्यातून कोण जाणार?" मॅडमनी विचारलं.

"मी जातो," जयवंत म्हणाला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. कपाटाच्या बाजूचा पत्रा बोल्टवर बसवला असता, तर बोल्ट काढून कुणीही हात घातला असता. पोकळीची गरजच पडली नसती. बोल्टचा पत्रा करायला अर्धा दिवस लागतो, आणि जयवंतला तो डोळे झाकून करता आला असता. पण त्या अंगाला मॅडमना मोठा फ्रीज भिंतीला चिकटवायचा होता. जयवंतनं एकदाच सुचवलं, त्या नको म्हणाल्या, आणि त्यानं पत्रा रिव्हेट मारून कायमचा बंद केला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. नारायणगावची शेड बंद पडायला आली होती. मालकानं निम्म्या माणसांना घरी बसवलं होतं. ज्या कपाटात जगात एकच माणूस शिरू शकतो, त्या कपाटाबरोबर तो माणूसही ठेवावा लागतो, हा हिशेब जयवंतनं रिव्हेट मारतानाच केला होता.

हिशेब बरोबर निघाला. मॅडमनी त्याला पगारावर ठेवला. फक्त कपाट चालू केल्यावर ते थरथरायला लागलं. कोपऱ्यातल्या वड्या खुळखुळत. जयवंतनं मागच्या पत्र्याला आतून मधोमध उभा लोखंडी अँगल वेल्ड केला. थरथर थांबली. पण त्या अँगलनं तीन बोटं खाल्ली. साखळीचं चाक होतं नेमकं अँगलच्या पलीकडं. तिथं जायचं तर वीतभराहून कमी फटीतून जावं लागणार. त्या संध्याकाळी जयवंत घरी गेला आणि गोठ्यात बाभळीच्या फळ्या रोवल्या.

लॅबमध्ये कपाटाला सगळे रहाट म्हणू लागले. आणि जयवंत उपास करू लागला.

सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, संकष्टी लेण्याद्रीच्या गणपतीची. एकादशी तर आहेच. उरलेल्या वारी एक वेळ. कुणी विचारलंच तर सांगायला देव पुष्कळ होते. पोटासाठी उपाशी राहतो म्हटलं तर लोक हसतात. देवासाठी राहतो म्हटलं की पाया पडतात. दोन वर्षांत गाव त्याला बुवा म्हणायला लागलं. गालफडं बसली, डोळे खोल गेले, तेव्हा म्हातारी माणसं म्हणत, "काय तेज आलंय बघा तोंडावर."

तेजाचा खरा प्रकार त्याची बायको वैजयंती जाणून होती. तिनं एकदा पहाटे गोठ्यात त्याला फळ्यांमध्ये बघितलं होतं.

"हे किती दिवस चालायचं?"

"प्रतीक्षाचं लग्न होस्तवर."

"आणि मग?"

"मग पत्र्याला बोल्ट लावतो आन् पोटभर जेवतो."

"आज नाय का लावता येत बोल्ट?"

"येत्यात की. आज बोल्ट लावलं तर उद्या गोरखसुदिक आत हात घालंल. मग मला कशाला ठेवतील?"

तिनं भाकरीचा अर्धा तुकडा झाकून ठेवला. तो तुकडा नंतर म्हशीला गेला.

लग्नाचं एवढं काय होतं, तेही सांगतो. लग्न कुणाचंही अडत नाही, अडते ती पंगत. जयवंतच्या घरानं गावाला कधी जेवू घातलं नव्हतं. त्याचा बाप भागू गावातल्या प्रत्येक पंगतीला आधी हजर. बारसं असो, तेरावं असो, भागू पान मांडून तयार. त्याच्या घरचं काही निघालं की चहा. लोक तोंडावर म्हणत, "भागूला वाढ रे आणखी. त्याच्याकडं आपल्याला परत जायचं न्हाई." भागू हसून पानात घेई. शेजारी बसलेला लहान जयवंत घास गिळायचा थांबे. पुढं जयवंतचं स्वतःचं लग्नही चहा-पोह्यांवर झालं. ज्या दिवशी प्रतीक्षा जन्मली, त्या दिवशी त्यानं ठरवलं की हिच्या लग्नाला आख्खं गाव बसवायचं, कुणाच्याच घरी चूल पेटायची नाही असं चूलबंद आवतण द्यायचं, दुसऱ्यांदा वाढायचं, तिसऱ्यांदा आग्रह करायचा. पगारातला पैसा त्यासाठीच बाजूला पडत होता. अंगावरचा सदरा मात्र गोरखनं दिलेला होता. गोरखच्या मापाचा तो सदरा जयवंतच्या अंगावर बुजगावण्यासारखा हाले.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मॅडम त्याला वजनकाट्यावर उभा करीत. रक्त द्यायला आलेले पेशंट बाकावर बसलेले असत. गोरख आकडा मोठ्यानं वाचायचा.

"मॅडम, बुवा अर्धा किलो वाढलं."

"जयवंत, पोट सुटलं तर नोकरी सुटेल हं," मॅडम हसून म्हणत. आवाज गोड होता. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत.

"न्हाई मॅडम, खिशात पाना व्हता."

"मग पाना उपाशी ठेवा."

बाकावरचे लोक हसत. जयवंतही हसे. खिशातून पाना काढून पुन्हा काट्यावर चढे.

रहाट तीन-चार महिन्यांनी एकदा अडायचा. पिन झिजायची, साखळी उतरायची. जयवंत सदरा काढून आत शिरायचा, श्वास सोडून अँगल ओलांडायचा, हातानं चाचपून पिन बसवायचा आणि तसाच परत यायचा. बाहेर आला की पाठीवर आणि छातीवर लाल रेघ. एरवी तो झाडलोट करी, पेट्या उचली, पाणी भरी. पण त्याचा पगार त्या रेघेचा होता.

नऊ वर्षं अशी गेली. प्रतीक्षाचं जमलं. वैशाखातला मुहूर्त निघाला. पौषात आण्याची यात्रा आली.

यात्रेला आमटी-भाकरी असते. घराघरांतून बाजरीच्या भाकरी टोपल्यांनी येतात, मोठ्या कढयांत तिखट आमटी उकळते, आणि पठार येणाऱ्या-जाणाऱ्याला उपाशी सोडत नाही. जयवंत त्या दिवशी मुद्दाम गेला होता. भगवंत आचारी तिथं भेटणार होता, त्याला लग्नाच्या स्वयंपाकाचा इसार द्यायचा होता. इसार दिला. गावाची माणसं मोजून सांगितली. शाक-भाजी, वरण-भात, पोळी ठरली. गोडाचं काय ते ठरेना.

"बुंदी करू का जिलबी?" भगवंतनं विचारलं.

"घरी इचारून सांगतो."

एवढ्यात पंगत बसायला लागली. जयवंत निघायला वळला. सरपंचाच्या चुलत्यानं, सुभाषतात्यानं, त्याचा हात धरला.

"बुवा, कुठं?"

"आज गुरुवार हाय तात्या."

"असू दे गुरुवार. परसाद हाय. ऐक, सगळ्यांसमोर सांगतो. जो दुसऱ्याच्या पंगतीत हात आखडतो, त्याच्या पंगतीत गाव हात आखडतं. तुझ्या बापानं आमचं खाल्लं. तू आमचं खात न्हाईस. उद्या तुझ्या मांडवात आमी कोणत्या तोंडानं बसू? पानी पिऊन उठू मग."

आजूबाजूचे हसले. कुणी म्हणालं, "बरोबर हाय, बुवाच्या पोरीच्या लग्नात फराळच करू सगळे." हसण्यातलं ते बोलणं खोटं नव्हतं. या गावात असं झालेलं होतं. रुसलेली पंगत अन्न तसंच टाकून उठली होती आणि त्या घरानं पुढची कितीतरी वर्षं मान वर केली नव्हती.

जयवंत बसला.

पहिली भाकरी त्यानं आमटीत कुस्करली ती भीत भीत. दुसरी त्यानं मागून घेतली. तिसरी कुणी वाढली ते त्याला कळलं नाही. नऊ वर्षांची भूक एकदम जागी झाली. तिच्यापुढं तो वाटीमागून वाटी रिचवत राहिला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोक कौतुकानं उभे राहून बघत होते. सुभाषतात्या स्वतःच्या हातानं वाढत होता. "घे बुवा, घे. आता तुझ्या मांडवात मी धोतर सैल करून बसतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला जयवंत फळ्यांमध्ये शिरला आणि अडकला. बाभळीची फळी वाकवून त्यानं स्वतःला सोडवलं. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. त्या दिवशी त्यानं चहाही घेतला नाही. वैजयंती म्हणाली, "आज जाऊ नका." तो म्हणाला, "आज काय रहाट अडायचा न्हाई. गेल्याच महिन्यात पिना बदलल्यात."

तो लॅबमध्ये पोचला तेव्हा गोरख दारातच उभा होता. "या बुवा, तुमचीच वाट बघतोय. रहाट बसला."

मुंबईच्या दवाखान्याला एका बाईची वडी दुपारच्या आत पाठवायची होती. कुरिअरवाला येणार होता. नंबर दाबला तर मोटार नुसती गुरगुरत होती.

"मॅडम, उद्या केलं तर?" जयवंत म्हणाला.

"उद्या? त्या बाईचा आजार उद्यापर्यंत थांबणार आहे का?"

"संध्याकाळी तरी."

मॅडमनी त्याच्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. नजर पोटावर थांबली. "काल काय खाल्लंत?"

"आण्याची यात्रा व्हती मॅडम," गोरख हसत म्हणाला. "आमटी-भाकरी."

"जयवंत," मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला कशाचा पगार देते?"

त्यानं सदरा काढला.

आत जाताना अँगलनं छातीची साल काढली, पण तो गेला. पुढचं काम त्याच्या हाताचं होतं. पिन तुटली होती. तुटकी टोकं ओढून काढायची, साखळी एका हातानं वर धरायची, दुसऱ्या हातानं नवी पिन ठोकायची, आणि हे सगळं न बघता, कारण मान वळवायला जागा नाही. घाम डोळ्यांत जात होता. हात खांद्यापासून भरून आले होते. पिन बसली. काम चोख झालं. मग तो परत फिरला.

अँगलपाशी त्यानं श्वास सोडला, सगळा, रोज गोठ्यात सोडायचा तसा, आणि अंग रेटलं. निम्मं अंग अँगलच्या अलीकडं आलं आणि थांबलं. पुढं अँगलची धार, पाठीला ट्रेच्या कडा. त्यानं श्वास घ्यायला छाती फुगवली. छाती फुगली नाही. चिमूटभर वारा आत गेला, तेवढाच.

"काय हो बुवा, समाधी लागली का?" गोरखनं बाहेरून विचारलं.

"अडाकलो."

गोरखनं हात धरून ओढलं. सरकलं नाही. लॅबमधलं तेल आणून त्याच्या खांद्यावरून ओतलं. तरी नाही. गोरखचं हसू तेव्हा गेलं. त्यानं मॅडमना बोलावलं.

"पत्रा कापू का मॅडम? समोरच्या गॅरेजात ग्राइंडर हाय."

"आत मेण आहे गोरख. एक ठिणगी पडली की शेकडो पेशंट गेले." त्या पत्र्याजवळ गेल्या, गोड आवाजात म्हणाल्या, "जयवंत, तुम्हीच सांगा. कापायचा का पत्रा? कापला तर मग तिथं दारच ठेवू. रोजचीच कटकट जाईल."

जयवंतनं आत हिशेब केला. दार झालं की कुणीही आत शिरणार. वैशाखाला अजून अवकाश होता. भगवंतला नुसता इसार दिलेला होता.

"नको मॅडम," आतून आवाज आला. "निघंल."

"बघा, ते स्वतः म्हणताहेत," मॅडम गोरखला म्हणाल्या. "पोट भरलंय, एवढंच. तीन-चार तासांत अन्न खाली उतरतं. पोट रिकामं झालं की आपोआप निघतील. पाणी मात्र देऊ नका."

डॉक्टरच त्या. गोरखला पटलं. जयवंतलाही पटलं असावं. उपाशी राहून बारीक व्हायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

कुरिअरवाला आला. मोटार चालवणं बरं नव्हतं, म्हणून गोरखनं मोटारीचं चाक हातानं फिरवून हवा तो ट्रे तोंडाशी आणला. ट्रे एकामागून एक जयवंतच्या पाठीला घासत गेले. "बुवा, जरा आत घ्या अंग," गोरख म्हणत होता. वडी निघाली. डबीत बंद झाली, वेळेवर गेली.

मग गोरख अधूनमधून हाक मारी. "बुवा?" आतून "हां" येई. मग "हां" बंद झालं, पान्यानं पत्र्यावर टकटक येऊ लागली. गोरख बाहेरून एकदा वाजवी, आतून एकदा वाजे. दोघांनी तेवढ्यावर भागवलं. मग आतून वाजेना.

"झोपले वाटतं," गोरख म्हणाला.

"पोटभर जेवलं की झोप येतेच," मॅडम म्हणाल्या आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

गोरखनं रहाटाच्या तोंडाशी बसून डबा खाल्ला. त्याचा डबा होत आला तेव्हा आत फोन वाजला. जयवंतच्या विजारीच्या खिशात. वाजला, थांबला, परत वाजला. गोरख म्हणाला, "बुवा, फोन." तिसऱ्यांदा वाजून तो बंद पडला तेव्हा गोरखच्या हातातला घास खाली आला.

मग मात्र ग्राइंडर आला. रिव्हेट उडाले, पत्रा निघाला, तेवढ्यासाठी फार वेळ लागला नाही. एकही वडी वितळली नाही. जयवंत उभाच होता. पाना हातात होता. अपघात म्हणून नोंद झाली. मॅडम स्वतः दवाखान्यापर्यंत आल्या आणि वैजयंतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी त्यांना कापू का विचारलं होतं. तेच नको म्हणाले." ते खरंच होतं.

फोन भगवंत आचाऱ्याचा होता. बुंदी का जिलबी, हे विचारायला त्यानं केला होता.

तो चौथ्या दिवशी घरी आला, अंगणात उकिडवा बसला. "वैनी, इसार परत देता येत न्हाई. त्यातनं मी तूरडाळ आन् तेल भरलंय. पण तुमचं नुकसान करायचं न्हाई मला. आर्डर इकडं वळवतो. दहाव्याला गाव येणारच हाय."

"आणि पोरीचं?"

"पोरीचं काय, वर्षाच्या आत करावंच लागंल. साधं करा."

उरलेला पैसाही त्यातच घालावा लागला. बुवाचं दहावं म्हणजे गाव कमी बसणार नव्हतं. पोरीचं लग्न चहा-पोह्यांवर करायचं, असं त्याच बैठकीत भावकीनं ठरवलं. प्रतीक्षा आतल्या खोलीत ऐकत होती.

दहाव्याला ओढ्याच्या डबक्याशी मंडप घातला होता. तालुक्याचे एक पुढारी आले. त्यांनी जयवंतला कधी बघितलं नव्हतं, पण उपासाच्या तेजावर ते बराच वेळ बोलले. पिंडाजवळ साबुदाण्याची खिचडी ठेवली, केळं ठेवलं, भगर ठेवली. वैजयंती पदराखालून भाकरी आणि आमटीची वाटी काढू लागली तर सुभाषतात्यानं हात आडवा केला.

"अगं, काय करतीस? उपासाच्या मानसाला बाटवशील मेल्यावर."

तिनं वाटी परत झाकली.

कावळे बाभळीवर बसून होते. खाली येईनात. भावकीतल्या एकानं पोरीचं लग्न करतो म्हणून शब्द दिला. कावळा आला नाही. दुसऱ्यानं म्हैस सांभाळतो म्हटलं. आला नाही. ऊन डोक्यावर आलं, लोक चुळबुळू लागले, तिकडं पातेल्यांवरची झाकणं निघून वास सुटला होता. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवून घेतला.

मग पंगत बसली. आख्खं गाव बसलं. भगवंतला कुणीच काही सांगितलं नव्हतं म्हणून त्यानं बुंदी केली होती. सुभाषतात्या धोतर सैल करून पहिल्या रांगेत बसला. वाढपी दुसऱ्यांदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला. "घ्या, घ्या, बुवाच्या घामाचं हाय, हात आखडू नका," तो प्रत्येकाच्या पानाशी वाकून म्हणत होता.

नऊ वर्षांचा पगार पानांवर पडत होता. हात कुणीच आखडला नाही.